पडद्यावरचा चेहरा

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर देवनहळ्ळी नावाचे गाव आहे. २००८ साली त्याच्या शेजारी मोठा विमानतळ झाला आणि हे नाव दूरदूरच्या प्रवाशांच्या कानांवर पडू लागले. पण गावाची जुनी ओळख तेथील दगडी किल्ल्याची आहे. किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर चार खांबांचे एक लहानसे स्मारक उभे आहे. टिपू सुलतानाचा जन्म या जागी झाला, असे तेथील शिलालेख सांगतो. मराठी मुलखातून आलेला एखादा प्रवासी तेथे घटकाभर उभा राहिला, तर त्याच्या मनःचक्षूंपुढे टिपूचा कोणता चेहरा येतो? शालेय इतिहासातील मराठे-म्हैसूर संघर्षाच्या सनावळ्या त्याला अंधुक आठवत असतील. परंतु पुष्कळदा जो चेहरा येतो तो १९९० साली दूरदर्शनवरून दाखविल्या गेलेल्या मालिकेतील नटाचा, संजय खान यांचा असतो. त्या मालिकेवरून त्या काळी वाद माजला, प्रकरण न्यायालयात गेले आणि ही कादंबरीवर आधारलेली काल्पनिक कथा आहे, असे निवेदन मालिकेबरोबर दाखवावे लागले. निवेदन वाचणारे ते विसरले. चेहरा मात्र राहिला.

हलत्या चित्राचे सामर्थ्य ते हेच. ते जे दाखवते ते पाहणाऱ्याच्या स्मृतीत आपल्या अनुभवासारखे जाऊन बसते. म्हणूनच चित्रपटाचा इतिहास म्हणजे केवळ नटनट्यांच्या आठवणींचा आणि गाजलेल्या गाण्यांचा संग्रह नव्हे. चित्रपटाचा धंदा कसा वाढला, त्याची मांडणी व शैली कशी घडली, आणि ज्या समाजापुढे तो दाखविला गेला तो समाज कसा होता, हे तीन पेड एकाच वेणीत गुंफलेले आहेत. त्यांपैकी एक सुटा करून पाहू गेल्यास उरलेल्या दोहोंचा अर्थ लागत नाही. कन्नड आणि मराठी या दोन शेजारी भाषांच्या चित्रपटांची कहाणी या दृष्टीने फार बोलकी आहे.

या कहाणीतील एक गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथम चमत्कारिक वाटते. कन्नड भाषेतला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ च्या मार्च महिन्यात बंगळुरात प्रदर्शित झाला; पण तो तयार झाला बंगळुरात नव्हे, म्हैसुरातही नव्हे, तर पंचगंगेच्या काठी कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. कन्नड रंगभूमीवरील सुब्बय्या नायडू, आर. नागेंद्रराव यांसारखे नट आपले संवाद आणि आपली पदे घेऊन मराठी मुलखात आले आणि तेथील दिव्यांखाली, तेथील कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. हे असे का घडले याचा शोध घेऊ लागले की चित्रपटाच्या पहिल्या दोन दशकांचा सगळा इतिहास उलगडतो.

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून करावा लागतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. फाळके मुद्रणाच्या व्यवसायात मुरलेले होते. राजा रविवर्म्याच्या चित्रांचे छापील पट घरोघरी भिंतींवर लागत होते, त्या काळातले ते कलावंत. त्यामुळे त्यांच्या पडद्यावरील देवादिकांची ठेवण, प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिलेली पात्रे, चौकटीच्या मध्यभागी साधलेला तोल, यांत त्या पटांची आणि नाटकाच्या रंगमंचाची छाया दिसते. पण त्याच चित्रपटात समाजाने आपला हात दुसऱ्या रीतीने उमटविला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. चित्रपटात काम करणे कोणत्याही थरातील स्त्रीला कमीपणाचे वाटत होते. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने तारामती रंगविली, आणि पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पण ‘राजा हरिश्चंद्रा’नंतर फाळक्यांनी काढलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या रंगभूमीवरील मायलेकी पडद्यावर आल्या. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात तारामतीचेच काम दुर्गाबाई खोटे यांनी केले, तेव्हा मुंबईतील एका प्रतिष्ठित, सुशिक्षित घराण्यातील स्त्री पडद्यावर उभी राहिली होती. एकच तारामती, परंतु त्या दोन चित्रपटांमधल्या एकोणीस वर्षांत समाज किती सरकला होता, हे कोणत्याही अहवालापेक्षा या एका भूमिकेवरून अधिक स्पष्ट कळते. आणि समाज सरकला त्यात त्या पडद्याचाही वाटा होताच.

फाळक्यांनंतरचे केंद्र कोल्हापूर. बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या माणसाने स्वतःच्या कारागिरीने कॅमेरा सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. संस्थानी शहराचा आश्रय, तालमी आणि चित्रशाळा, कुशल सुतार-लोहार आणि पाठीशी राजर्षी शाहू महाराजांसारखा कलांचा चाहता, असे साहित्य जेथे जुळले तेथे हा धंदा रुजला. १९२५ साली पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्याचे कथानक नारायण हरी आपटे यांचे. सावकाराच्या कागदापायी जमीन गमावलेला शेतकरी अखेर शहरात गिरणीची वाट धरतो, एवढेच ते सूत्र. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध उठाव केला होता आणि १८७९ मध्ये सरकारने त्यासंबंधी कायदाही केला होता. म्हणजे प्रश्न नवा नव्हता. नवे होते ते एवढेच की, देवादिकांच्या चमत्कारांना सरावलेल्या कॅमेऱ्यापुढे कर्जात बुडालेला शेतकरी आला. विषय बदलताच शैलीही बदलली: भरजरी पोशाखाच्या जागी फाटकी कांबळी आणि रंगविलेल्या राजवाड्याच्या जागी खोपट आले. त्या चित्रपटात तरुण शेतकऱ्याचे काम करणारे शांताराम वणकुद्रे पुढे व्ही. शांताराम म्हणून प्रसिद्ध झाले.

याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. दोन वर्षांनी चित्रपट बोलू लागला. मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. मधल्या पाट्या बदलल्या की तो कोल्हापुरातही चाले आणि बंगळुरातही. बोलपटाने ही व्यवस्था एका दिवसात मोडली. पडदा बोलू लागताच प्रेक्षकांची भाषावार विभागणी झाली आणि प्रत्येक भाषेला आपला बोलपट हवासा वाटू लागला. परंतु भाषा सर्वत्र असली तरी ध्वनिमुद्रणाची यंत्रे, दिवे आणि ती चालविणारे हात मोजक्याच शहरांत होते. कोल्हापुरात ते होते. म्हणून कन्नड नटांना कोल्हापूर गाठावे लागले. ‘सती सुलोचने’चा विषय पौराणिक आणि मांडणी नाटकाला धरून होती, कारण ते नट नाट्यसंस्थांतून आले होते आणि प्रेक्षकांना ती कथा कानांनी आधीच परिचित होती. येथे शैली ही कोणा एका दिग्दर्शकाच्या मनाची लहर नव्हती. यंत्र कोठे आहे, नट कोठून आले आणि तिकीट कोण काढणार, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून ती निपजली होती.

प्रभातचा इतिहास पाहिला तर याच्या जोडीला चौथा प्रश्न दिसतो, तो राज्यसत्तेचा. १९३० साली शांतारामांनी शिवकालावर मूकपट काढला आणि त्याला ‘स्वराज्यतोरण’ असे नाव दिले. सरकारी परिनिरीक्षकांना ‘स्वराज्य’ हा शब्द खपला नाही; चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने आला. १९३५ साली संत एकनाथांच्या चरित्रावर ‘महात्मा’ हा बोलपट तयार झाला. त्यात बालगंधर्व एकनाथ झाले होते. हरिजनांना पोटाशी धरणारा संत आणि त्यात ‘महात्मा’ हे नाव! त्याचा रोख कोणाकडे आहे हे कोणालाही कळण्यासारखे होते. तोही ‘धर्मात्मा’ होऊन बाहेर आला. यापूर्वी १९२१ साली ‘भक्त विदुर’ या मूकपटावर मद्रासेत बंदी आली होती. त्यातला विदुर खादीच्या टोपीमुळे गांधीजींसारखा दिसत होता. अशा बंधनांचा परिणाम उलटा झाला. जे उघड बोलता येत नव्हते ते संतांच्या आणि पुराणपुरुषांच्या मुखाने बोलण्याची एक सांकेतिक भाषा सिद्ध झाली आणि अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकालाही ती बिनचूक समजू लागली. संतपटांची ती लाट केवळ भाविकपणातून आली, असे मानणे म्हणूनच अपुरे ठरते.

१९३३ साली प्रभात पुण्यास आली. तेथे प्रशस्त चित्रमंदिर, पगारी कलावंत, एका छताखाली सुतार, चित्रकार, संगीतकार आणि तंत्रज्ञ असा संसार उभा राहिला. या स्थैर्यातून १९३६ चा ‘संत तुकाराम’ जन्मला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघे पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर. देहूच्या विठ्ठलमंदिराचा देखावा एका मुसलमान कलावंताच्या नजरेखाली उभा राहावा, यात त्या काळी कोणास काही विशेष वाटले नाही, हीही नोंद ठेवण्याजोगी गोष्ट आहे. तुकोबांचे काम करणारे विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेले होते. त्यांच्या त्या मऊ, संथ हालचाली तुकोबांच्या अलिप्तपणाला अगदी साजल्या. उलट गौरी या बाईंनी रंगविलेली जिजाई क्षणभरही स्वस्थ नाही. ती म्हशीची उस्तवारी करते, पोरांना दटावते, नवऱ्यावर तोंड टाकते आणि मुलाच्या आजारपणात संतापून पायातली वहाण उगारीत थेट विठोबाच्या देवळात शिरते. गौरी या नाट्यशिक्षण घेतलेल्या नटी नव्हत्या. कंपनीत लहानसहान कामे करीत त्या वर आल्या होत्या. म्हणूनच त्यांच्या अंगी खेड्यातील बाईचे कष्ट होते, आणि प्रेक्षकांतल्या बायांना पडद्यावर देवी न दिसता आपली शेजारीण दिसली. चमत्कार या चित्रपटात आहेतच. पण ते ज्या घरात घडतात त्या घरातली चूल खरी आहे.

मुंबईत हा चित्रपट एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तथापि त्याहून विलक्षण गोष्ट घडली ती महाराष्ट्राच्या मनात. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक रचना केली होती. ती तुकोबांच्या भाषेशी इतकी एकरूप झाली की पुष्कळांनी तिला तुकोबांचाच अभंग मानले. गाथेत नसलेला अभंग लोकांच्या ओठांवर गाथेच्या बरोबरीने बसला. तुकोबांचे रूप म्हणून अनेकांच्या डोळ्यांपुढे पागनीसांचाच चेहरा उभा राहू लागला. देवनहळ्ळीच्या स्मारकापुढे टिपूच्या बाबतीत जे घडते तेच देहूच्या वाटेवर फार आधी घडून गेले होते. इतिहासाने चित्रपट घडविला होता. आता चित्रपट इतिहास घडवू लागला.

लगेच पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, शांतारामांचा ‘कुंकू’ आला. त्याची कथाही नारायण हरी आपटे यांचीच, ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. बाला-जरठ विवाहाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले होते आणि १९२९ साली बालविवाह निर्बंधाचा सारडा कायदाही झाला होता. परंतु कायदा वयाचा आकडा ठरवू शकतो. फसवून बोहल्यावर उभ्या केलेल्या मुलीच्या मनात काय उसळते, हे तो सांगू शकत नाही. शांता आपटे यांनी रंगविलेली नीरा रडत बसत नाही. ती म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायचेच नाकारते. केशवराव दाते यांनी उभा केलेला तो वृद्ध वकीलही दुष्ट राक्षस नाही. आपली चूक हळूहळू कळत जाणारा तो एक माणूस आहे. त्याची समाजसेविका मुलगी नीरेची बाजू घेते. ते काम केले शकुंतला परांजपे यांनी. त्या रँग्लर परांजपे यांच्या कन्या आणि पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्रत्यक्ष आयुष्यातही झटलेल्या कार्यकर्त्या होत्या. या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीताचा आधार घेतला नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचा गोंगाट एवढ्यावर त्यांनी ते घर उभे केले. संगीत नाटकाच्या वंशातला मराठी बोलपट येथे गप्प राहायला शिकला, कारण जे सांगायचे होते ते गाण्याने गोड करण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने हे घर खिळखिळे केले. कच्च्या फिल्मची टंचाई आली, चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा पडली, आणि युद्धकाळातला झटपट पैसा या धंद्यात शिरून पगारी कलावंतांच्या कंपन्या मोडू लागला. शांताराम १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले. १९५३ साली कंपनी बंद झाली. त्याच १९५३ सालच्या आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, ही मावळतीची एक किनार म्हणावी. प्रभातच्या जागेत पुढे सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली.

मराठी चित्रपटाचा प्रेक्षक आता बदलला. मुंबईचा मध्यमवर्ग हिंदी चित्रपटाकडे वळला होता. जिल्ह्याच्या गावी, जत्रेतल्या तंबूत बसणारा शेतकरी मराठी बोलपटाचा आधार बनला. त्याला आपला तमाशा, आपली लावणी, आपल्या गावचा पाटील पडद्यावर हवा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचेही तेच दिवस. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. त्यातील गावच्या सत्तेचे आणि तमासगीर स्त्रीच्या अपमानाचे चित्र खरे होते. पण यशाची एक शिक्षा असते. त्याच साच्यातून इतके चित्रपट निघाले की पाटील, फड आणि बोर्डावरची नार हेच ग्रामीण महाराष्ट्राचे संपूर्ण रूप आहे, असे शहरी प्रेक्षकाला वाटू लागले. जी शैली सत्य सांगण्यासाठी जन्मली तीच पुढे सत्य झाकू लागली. खेड्यात साखर कारखाने आले, शाळा-महाविद्यालये आली, दुष्काळात माणसे मुंबईला गेली. पडद्यावरचे खेडे पुष्कळ काळ जागचे हलले नाही.

असा साचा मोडायला बहुधा नवा माणूस कॅमेऱ्यामागे यावा लागतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २९ एप्रिल २०१६ नंतर महाराष्ट्रात जे केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पाटलाची मुलगी ट्रॅक्टर आणि बुलेट चालविते, मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा तिच्यावर जीव टाकतो. पूर्वार्धात गाण्यांची बरसात आहे, वाद्यमेळ आहे, हिंदी चित्रपटाची सारी जादू आहे. उत्तरार्धात गाणी थांबतात. परक्या शहरातील खोली, भांडण, मजुरी एवढेच उरते. आणि शेवटी आवाजच नाहीसा होतो. ‘कुंकू’तली शांतता आणि ही शांतता यांत जवळजवळ ऐंशी वर्षांचे अंतर आहे, पण दोहोंचे प्रयोजन एकच. प्रेक्षकाला गाण्यात रमवून अखेर अशा जागी आणून सोडायचे की जेथे त्याला टाळी वाजविता येऊ नये. जातीबाहेर प्रेम केले म्हणून पोटच्या मुलांचा जीव घेतला जातो, ही बातमी वर्तमानपत्रात वाचून पुढचे पान उलटता येते. चित्रपटगृहातल्या त्या निःशब्द मिनिटांत पान उलटण्याची सोय नव्हती. त्यावरून गावोगाव वादही झाले, आणि ते होणे हीच त्या चित्रपटाच्या खरेपणाची पावती होती.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, हा चित्रपट ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडमध्ये आला आणि नायिकेच्या भूमिकेत मूळचीच नटी, अकलूजची रिंकू राजगुरू होती. १९३४ साली कन्नड नट यंत्रांच्या शोधात कोल्हापुरास आले होते. आता सोलापूर जिल्ह्यातील मुलगी कन्नड पडद्यावर गेली. मधल्या काळात बंगळूर हे चित्रपटांचे मोठे केंद्र झाले होते आणि यंत्रांसाठी शेजाऱ्याकडे जाण्याचे कारण उरले नव्हते. या वेळी सीमा ओलांडली ती कथेने, कारण ज्या दुखण्यावर तिने बोट ठेवले होते ते दोन्ही राज्यांत सारखेच होते.

तेव्हा पडद्यावर कोणाचा चेहरा येतो आणि कोणाचा येत नाही, हा केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही. साळुंक्यांच्या तारामतीपासून आर्चीपर्यंतचा प्रवास म्हणजे या समाजाने कोणाला पाहण्यालायक मानले, याचीच नोंदवही होय. दुर्दैवाने या वहीची पुष्कळ पाने हरवली आहेत. ‘राजा हरिश्चंद्रा’ची काही रिळेच शिल्लक आहेत, पेंटरांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले, कोल्हापुरात तयार झालेल्या ‘सती सुलोचने’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर रिळे गोदामांत कुजली, जळली किंवा चांदीसाठी वितळविली गेली. ज्या कलेने तुकोबांना चेहरा दिला, ती आपलाच चेहरा जपू शकली नाही.

देवनहळ्ळीचे दगडी स्मारक उन्हापावसात उभे आहे, कारण कोणीतरी ते राखले. सेल्युलॉइडच्या स्मारकांना ऊन, दमट हवा आणि माणसाची बेफिकिरी अधिक लवकर गिळते. त्यांतून वाचलेला प्रत्येक जुना चित्रपट मराठी प्रेक्षकाने एकदा तरी वेगळ्या नजरेने पाहावा: कथा कोणती याबरोबरच ती कोणी, कोठे, कोणासाठी सांगितली आणि काय सांगायचे राहून गेले, हेही विचारीत पाहावा. मग पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यामागे पाहणाऱ्याला आपल्या आजी-पणजीच्या काळचा समाज दिसू लागेल.